चार-चार जणींची प्रभातफेरी

रुक्मिणीच्या मनात फार काही नव्हतं. दहावीच्या मुलींना नागरिकशास्त्रातला मूलभूत हक्कांचा धडा नीट शिकवायचा, एवढंच. पण एखादा धडा नीट शिकवणं हे किती जोखमीचं काम आहे, ते बी.एड.च्या वर्गात कोणी सांगत नाही. तिथे प्रस्तावना कशी करावी ते सांगतात, समारोप कसा करावा ते सांगतात. मधे काय होईल याची जबाबदारी विद्यापीठ घेत नाही.

साल पंचाहत्तर. जूनपासून देशात आणीबाणी होती. रुक्मिणीचा नवरा गंगाधर सरकारी कचेरीत कारकून. कचेरीच्या भिंतीवर कमी बोलण्याबद्दलची पाटी लागली होती, आणि ती गंगाधरानं इतकी मनावर घेतली की घरीसुद्धा तो मीठ बोट दाखवून मागू लागला. त्यांची मुलगी मनू दोन वर्षांची. ती तेवढी घरात मोकळेपणानं बोलायची, तेही कानडीत, कारण शाळा सुटल्यावर तिला संध्याकाळभर खेळवणारी गुरम्मा कानडीतच खेळवायची. बाप घरात शिरला की मनू ओरडायची, "ब्याडा!" म्हणजे, नको.

गुरम्मा ही घरमालकाची मुलगी. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत चन्नप्पा बिराजदाराचं भुसार दुकान, मागं त्याचं बिऱ्हाड, वरच्या दोन खोल्यांत हे भाडेकरू. गुरम्मा नववी झाल्यावर चन्नप्पानं तिला घरी बसवायचं ठरवलं होतं. त्याच सुमाराला रुक्मिणी शाळेत नोकरीला लागली होती, आणि नव्या नोकरीचा जोर अंगात असताना माणूस करतो ते तिनं केलं. ती जिना उतरून दुकानात गेली आणि पोत्यांच्या मधोमध उभी राहून तिनं स्त्रीशिक्षणावर भाषण केलं. चन्नप्पानं गिऱ्हाइकाची तूरडाळ तोलता तोलता ते ऐकून घेतलं.

"बाई, तुमी लई शिकल्याला. तुमच्या शब्दावर दहावी होऊ द्यू," तो म्हणाला. "तुमी नेनार, तुमी आननार. पन एक सांगून ठेवतो. चारचौघांत पोरीचं नाव निघता कामा न्हाय. निघालं की संपलं."

"माझी जबाबदारी," रुक्मिणी म्हणाली.

हे दोन शब्द तोंडातून गेल्यापासून तिची झोप कमी झाली. तशी ती मुळातच काळजीखोर. स्टोव्ह विझवला का हे दोनदा बघणारी, मनू शिंकली तर हवामानखात्यावर रागावणारी. आता तिला दोन मुली झाल्या, इतकंच.

शाळा पेठेतलीच, मुलींची. नागरिकशास्त्र हा विषय तिथे शिवणाच्या तासानंतर असायचा, बोटांना सुया टोचून घेतलेल्या मुलींना आता देशाची घटना टोचवायची म्हणून. नको असलेला विषय नव्या बाईला देण्याची रीत सगळ्याच शाळांत आहे. रुक्मिणीनं खबरदारी म्हणून आधी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, विचारलं.

"बाई, हक्कांचा धडा घेऊ ना?"

मोठ्या बाईंनी उठून खिडकी लावली. "ते हक्क सध्या तहकूब आहेत ना?"

"परीक्षेला आहेत."

"किती मार्कांना?"

"आठ."

"मग आठ मार्कांपुरते शिकवा. त्याच्या वर जाऊ नका."

रुक्मिणीनं आठ मार्कांपुरतंच शिकवायला घेतलं. पण तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, गुरम्मा बसलेली. तिनं हात वर केला.

"बाई, हे हक्क आपल्याला मिळाल्यात, का मिळनार हायेत?"

वर्ग हसला. रुक्मिणीही हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की उत्तर आपल्याला येत नाही. उत्तर येत नसलं की शिक्षकानं गृहपाठ द्यावा. तिनं चिठ्ठ्या वाटल्या. आपल्या शाळेत मुलींना कोणता हक्क मिळत नाही, ते एका वाक्यात लिहा. नाव घालू नका.

चिठ्ठ्या उघडल्या तर जवळजवळ सगळ्यांवर एकच वाक्य. "बाई, तुम्हाला माहीत आहे."

एकच चिठ्ठी निराळी होती. नाव नव्हतं, पण टपोरं अक्षर ओळखीचं होतं. "शाळेत मुलींना संडास नाही."

संडास होता. एक. त्याची किल्ली मोठ्या बाईंच्या खोलीत खिळ्याला लटकायची आणि ती फक्त शिक्षिकांसाठी. मुलीला हवी असेल तर कारकुनाच्या टेबलावरून जायचं, आणि दारातला शिपाई कल्लप्पा, मनानं अगदी गरीब पण आवाजानं दणकट, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारायचा, "किल्ली? कशाला पायजे?" त्यामुळे मुली सकाळी घरून पाणी न पिता निघत आणि सुटताना पळत घरी जात. पळण्याच्या शर्यतीत ही शाळा दरवर्षी पहिली येते, त्यामागचं खरं कारण क्रीडाशिक्षकांनाही ठाऊक नव्हतं. पाण्याचा रांजण कायम काठोकाठ. "आपल्या शाळंत पानी कंदी कमी पडत न्हाय," असं कल्लप्पा पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा.

आणि नेमकं तेव्हाच वरून परिपत्रक आलं. दहा डिसेंबरला मानवी हक्क दिन साजरा करावा. आता हे परिपत्रक दरवर्षी यायचं. यंदा ते कोणीतरी थांबवायला हवं होतं, पण थांबवण्याचा लेखी आदेश बहुधा कोणी काढला नसावा, आणि लेखी आदेशाशिवाय आपल्याकडे काही सुरू होत नाही तसं काही थांबतही नाही. मोठ्या बाईंनी ते परिपत्रक दोनदा वाचलं, उजेडात धरून पाहिलं आणि रुक्मिणीकडे दिलं.

"साजरा करा," त्या म्हणाल्या. "पण कोणाला कळता कामा नये."

मुलींना मात्र प्रभातफेरी हवी होती. गुरम्मानं सांगितलं, "बाई, शाळंत सांगून ऐकत न्हाईत. पेठंत सांगू. पेठ ऐकती." रुक्मिणी नकारच द्यायला निघाली होती. पण एकोणचाळीस मुली एकदम बाईंकडे विश्वासानं बघायला लागल्या की नकाराला काही किंमत राहत नाही.

गंगाधरानं बोटानं 'नाही' असं केलं. मनू म्हणाली, "ब्याडा." या दोन मतांविरुद्ध सल्ला घ्यायला रुक्मिणी समोरच्या घरी वेणीमाधवकाकांकडे गेली. काका कोर्टातले निवृत्त कारकून. साऱ्या पेठेचे अर्ज ते फुकट लिहून देत, आणि म्हणूनच पेठेचे बरेच अर्ज फेटाळले जात.

"वहिनी, मी मार्शल लॉ बघितलाय," काका आरामखुर्चीत सरसावले. तीस सालचा सोलापूरचा मार्शल लॉ त्यांनी अर्ध्या चड्डीत, माळ्यावर लपून बघितला होता. पण बघितला होता. "मला कायद्याची भीती घालू नका. पाच माणसं जमायची नाहीत, असा हुकूम आहे. चार जमायची नाहीत, असा आहे का?"

"नाही."

"पाच म्हणजे जमाव. चार म्हणजे बाजाराला निघालेल्या बायका. चार-चार मुली सोडा. मधे एका गल्लीचं अंतर ठेवा. कोण काय करतो बघू!"

रीतसर परवानगीही घ्यावी म्हणून रुक्मिणी मनूला कडेवर घेऊन चौकीत गेली. तिथल्या जमादारानं विचारलं, "मयत हाय का लगीन?"

"दोन्ही नाही. प्रभातफेरी."

"आमच्याकडं दोनच रकाने हायेत, बाई," तो खरोखर खेदानं म्हणाला. "चार-चार पोरी चालत जानार म्हनता? मग त्याला परवानगी कशाला? रोज जातातच की."

आता राहिला प्रश्न फलकांचा. 'संडास' हा शब्द पुठ्ठ्यावर लिहून मुलींच्या हातात देऊन शुक्रवार पेठेतून मिरवायचा? काकांनी कानांवर हात ठेवले. चित्रकलेच्या बाईंनी ब्रश खाली ठेवला. आणि खरं सांगायचं तर रुक्मिणीलाही तो लिहवेना. 'स्वच्छतागृह' लिहावं तर पेठेला कळणार नाही, आणि कळेल असा जो शब्द तो लिहायचा नाही. शेवटी काकांनीच तोड काढली. मुली पाणी का पीत नाहीत? सोय नाही म्हणून. तर सोयीचं बोलूच नका, पाण्याचं बोला. शहाण्याला इशारा पुरे. वाक्य ठरलं, "पाणी आम्हाला निर्धास्तपणे पिऊ द्या." चार मुली, एक शब्द, याप्रमाणे ते पहिल्या चौकड्यांत वाटलं. मागच्यांच्या हातांत नुसतेच 'हक्क' लिहिलेले पुठ्ठे.

गुरम्माची चौकडी सगळ्यांत पुढं. हातात 'पाणी!' हा फलक. उद्गारचिन्ह चित्रकलेच्या बाईंनी हौसेनं काढलेलं, चांगलं वीतभर.

रुक्मिणीला पुढंच राहायचं होतं. पण काकांनी कायदा काढला. चार मुलींत बाई मिळाली की पाच होतात. म्हणून ती मनूला शालीत गुंडाळून अगदी शेवटी, तिघींच्या चौकडीत राहिली. आपली जबाबदारी आपल्यापुढे नऊ गल्ल्या चालली आहे, म्हणून दर वळणावर ती टाचा उंचावून पुढं बघत होती.

घोषणांचंही तसंच झालं. "मानवी हक्कांचा" असं पुढच्या मुली ओरडायच्या, आणि "विजय असो" हे मागून यायचं, पण इतक्या मागून की तोवर पुढच्या गल्लीतले लोक दार लावून आत गेलेले असत. मागच्या गल्लीला कशाचा विजय ते कळेना.

पण 'पाणी!' मात्र कळलं. सोलापुरात हा शब्द उद्गारचिन्हासकट दिसल्यावर कोणी पुढचं वाक्य वाचायला थांबत नाही. पहिल्याच गल्लीत कोणीतरी ओरडलं, "अगं, नळाला पानी सुटनार हाय! पोरी सांगत निघाल्यात!" त्यासरशी दारं उघडली. घागरी, कळश्या, डालड्याचे डबे, एका घरातून तर पाळण्यातलं पोर खाली ठेवून पाळण्याखालचं घमेलं बाहेर आलं. चौकातल्या सार्वजनिक नळावर बायकांची ही झुंबड. नळ कोरडा. मग नंबरावरून भांडण, मग घागरीला घागर, मग वेणीला हात. पाच माणसांनी जमायचं नाही, हा हुकूम त्या सकाळी शुक्रवार पेठेत खरोखर मोडला गेला, पण तो मोडणाऱ्यांना मानवी हक्कांची गंधवार्ता नव्हती.

शिट्टी वाजवत हवालदार आला. "कुनी सांगितलं पानी येनार म्हनून?"

साऱ्या बोटांनी चार मुलींकडे दाखवलं. तिघी पळाल्या. पळण्यात शाळेचा हात धरणारं कोणी नव्हतंच. गुरम्मा उभी राहिली. नागरिकानं अधिकाऱ्याला न घाबरता खरी माहिती द्यावी, असं बाईंनी शिकवलं होतं, आणि बाईंचं सगळं खरं मानणारी वर्गात ती एकटीच होती.

"नाव काय गं?"

"गुरम्मा चन्नप्पा बिराजदार. दहावी. वडलांचं भुसार दुकान हाय, हितंच."

"आनि पानी कुटं हाय?"

"पानी न्हाय मागत आमी, साहेब," गुरम्मा स्वच्छ, वर्गात वाचते तशा आवाजात म्हणाली. "संडास मागतोय. शाळंत मुलींना संडास न्हाय."

सगळा चौक हसला. हवालदारही हसला. वाईट माणूस नव्हता तो. "जा घरी," म्हणाला. त्यानं काही लिहून घेतलं नाही, कोणाला पकडलं नाही. रुक्मिणी धापा टाकत चौकात पोचली तेव्हा तिथे फक्त एक चेपलेली कळशी पडली होती आणि गुरम्मा 'पाणी!' उलटा धरून उभी होती.

"बाई," ती आनंदानं म्हणाली, "मी सांगितलं."

दुपारी तोच हवालदार चन्नप्पाच्या दुकानी गूळ घ्यायला गेला आणि गुळाबरोबर त्यानं ती गंमतही सांगितली. कौतुकानंच सांगितली. पण दुकानात चार गिऱ्हाइकं होती. संध्याकाळपर्यंत पेठेत गुरम्माचं नाव एकट्यानं फिरेनासं झालं. त्याच्या मागं तो शब्द लागला. पानपट्टीवर, देवळात, पिठाच्या गिरणीत. "कोन? त्या चन्नप्पाची? ती संडासवाली?"

रुक्मिणीच्या डोक्यावर काय काय कोसळलं, ते क्रमानं सांगण्यात अर्थ नाही, कारण ते क्रमानं कोसळलं नाही. मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला, आणि 'परिपत्रक' हा शब्द खुलाशात येऊ नये अशी तोंडी सूचना केली. गंगाधराला साहेबांनी बोलावून, बायको काय करते असं विचारलं. "शिकवते" असं त्यानं सांगितल्यावर साहेब म्हणाले, "ते थांबवता येईल का?" मग साहेबांनीही लेखी खुलासा मागितला. काकांनी दोन्ही खुलाशांचा एकच मसुदा केला, त्यामुळे गंगाधराच्या खुलाशात 'मी यापुढे मुलींना घेऊन फिरणार नाही' असं वाक्य गेलं आणि त्याबद्दल त्याला तिसरा खुलासा द्यावा लागला. या सगळ्यात एक चांगली गोष्ट झाली. आणखी हसं नको म्हणून शाळेच्या संस्थेनं घाईघाईनं दोन संडास मंजूर केले. संस्थेच्या एका सदस्यांनी त्यांचं उद्घाटन केलं, नारळ फोडला, आणि भाषणभर त्यांनीही तो शब्द उच्चारला नाही.

रुक्मिणीला वाटलं होतं, चन्नप्पा जिना चढून येईल, ओरडेल, खोल्या खाली करा म्हणेल. तिनं उत्तरं तयार ठेवली होती. त्याऐवजी तो जास्तच अदबीनं वागू लागला. ती समोरून आली की नजर खाली घालून बाजूला व्हायचा. गुरम्मा शाळेत यायची थांबली.

आठवडाभरानं त्याची बायको बसव्वा वर आली. "बाई, कपबश्या देता का जरा? फुलाफुलाच्या हायेत त्या. पावनं येनार हायेत, मैंदर्गी गावचं."

रुक्मिणीनं कपबश्या काढल्या. काढता काढता म्हणाली, "बसव्वा, मार्चमध्ये परीक्षा आहे. एवढे दोन-तीन महिने..."

"मी काय सांगू बाई," बसव्वा कपावरचं फूल पदरानं पुसत म्हणाली. "मैंदर्गीपत्तुर गोष्ट पोचायच्या आत उरकायचं, म्हनतात हे. पोचली तर कोन करनार तिला?"

खाली जाऊन चन्नप्पाशी बोलायला रुक्मिणी दोनदा जिन्यापर्यंत गेली. तिसऱ्यांदा उतरली. चन्नप्पानं तागडी खाली ठेवली.

"बाई, तुमच्यावर राग न्हाय माझा. तुमी शब्द दिला व्हता, नाव निघालं की संपलं म्हनून मी बी दिला व्हता. तुमचा मोडला. माझा मोडायचा न्हाय." मग तागडी परत उचलत, तिचा चेहरा बघवेना म्हणून की काय, म्हणाला, "परीक्षा देईल की ती. मानसं चांगली हायेत. न्हाय म्हननार न्हाईत."

एवढ्या एका वाक्याला रुक्मिणीनं घट्ट धरलं. माघात लग्न झालं. मनूनं वरातीत "ब्याडा" म्हणून आकांत केला आणि बायकांनी तिला बत्तासे दिले. रुक्मिणी दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. काकांनी नवीन शंका काढली होती. लग्नानंतर मुलीचं नाव बदललं, म्हणजे प्रवेशपत्रावरची मुलगी कायद्यानं उरलीच नाही. मग ती उरली आहे असं दाखवणारं प्रतिज्ञापत्र, त्यावर स्टँप, त्यावर सही. सही करणारे साहेब रजेवर. साहेब आले तर शाई वाळलेली. मोठ्या बाईंनी, आश्चर्य म्हणजे, एकही प्रश्न न विचारता शिक्का मारून दिला आणि खिडकी उघडीच ठेवली. गंगाधरानं एस.टी.चं तिकीट काढून दिलं आणि त्या महिन्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलला. "जाऊन ये. मनूला स्वेटर घाल."

मैंदर्गीचं घर खाऊनपिऊन सुखी. रुक्मिणीला पाट मांडला, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आग्रह करकरून वाढलं. गुरम्मा हातभर हिरव्या बांगड्यांत वाढत होती. मनू तिला चिकटली ती सोडेना. जेवणं झाल्यावर रुक्मिणीनं पिशवीतून प्रवेशपत्र काढलं, प्रतिज्ञापत्र काढलं, आणि सगळं एका दमात सांगितलं. मी स्वतः नेईन, माझ्या घरी ठेवीन, संपली की आणून सोडीन. 'माझी जबाबदारी' हे शब्द तिनं तेवढे गिळले.

सासू नागव्वा गोड हसली. "आमी कुटं न्हाय म्हनतो, बाई? तिची विच्छा. तिलाच इचारा की. ये गं, गुरम्मा. बाई इचारतात ते सांग."

सगळे जमले. सासरा पाटावर, नवरा खांबाशी, दोन जावा दारात, चुलत सासरा मुद्दाम शेजारून बोलावलेला. कोणी डोळे वटारले नाहीत. कोणी खाकरलं नाही. सगळे अगदी प्रेमानं गुरम्माकडे बघत होते. रुक्मिणीनं तिच्याकडे बघितलं आणि विचारलं. विचारताना तिला कळलं की आपण विचारायला नको होतं, निदान इथे नको होतं, पण दुसरीकडे विचारणार कुठे?

"गुरम्मा, परीक्षेला बसायचं ना?"

"नको बाई," गुरम्मा स्वच्छ, वर्गात वाचते तशा आवाजात म्हणाली. "मला न्हाय द्यायची परीक्षा."

"मनापासून सांगतेस?"

"व्हय."

"बगा," सासरा म्हणाला, "आमी कायबी जोर केला न्हाय." आणि ते खरंच होतं.

रुक्मिणीनं कागद पिशवीत ठेवले. नागव्वानं ओटीचं ताट मागवलं. ओटी गुरम्मानंच भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. एक दाणा खाली सांडला नाही. मुलीला सासरी असं वागता आलं पाहिजे, असं कोणालाही वाटावं. नागव्वा ताट ठेवायला आत वळली तेवढ्या अवकाशात गुरम्मानं मनूच्या स्वेटरचं बटण लावलं आणि खालीच बघत विचारलं,

"बाई, माझ्या बाकावर आता कोन बसतंय?"

ती गेली त्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या दोघी तिथे येऊन बसल्या होत्या. खिडकीचं वारं येतं म्हणून. नागरिकानं खरी माहिती द्यावी, हे शिकवणारी रुक्मिणी म्हणाली, "कोणी नाही गं. रिकामाच आहे."

गुरम्मानं दुसरं बटण लावलं. तिसरं लावलं.

"रिकामा कशाला ठेवता, बाई?" ती म्हणाली. "चांगली जागा हाय. बसवा की कुनाला तरी."